ड्रॅगनच्या जेवणाचं कोण बघतं?

कादंबरीच्या पहिल्या पानावर नकाशा असला की मी आधी नदी बघतो. लेखक किती पाण्यात आहे ते तिथेच कळतं. नदी डोंगरात उगम पावते आणि उताराने समुद्राला मिळते, एवढी साधी गोष्ट. पण फँटसी लिहिणाऱ्याच्या हाती पेन्सिल लागली की नदी एका समुद्रातून निघते, राजधानीला वळसा घालते आणि दुसऱ्या समुद्राला जाऊन मिळते. नाहीतर मध्येच दुभंगून दोन वेगळ्या खोऱ्यांत शिरते. माझी सगळी नोकरी कालवे आणि चाऱ्या मोजण्यात गेली. पाणी चढावर जाताना दिसलं की मला पुढचं वाचवत नाही. या कामाचं बिल कुणीतरी काढलेलं असणार, असं वाटत राहतं. टॉल्किनसारख्या थोर माणसानेसुद्धा मोर्डोरभोवती तीन बाजूंनी काटकोनात डोंगर लावून ठेवले आहेत. त्याला सगळं माफ. बाकीच्यांना नाही.

निवृत्तीनंतर माणसाने ज्ञानेश्वरी वाचावी, ती झेपत नसेल तर निदान थोरांची चरित्रं वाचावीत, असा आमच्या सोसायटीत अलिखित नियम आहे. मी विज्ञानकथा आणि फँटसी वाचतो. याचं खापर पुतणीवर. ती पुस्तकं विकत घेते, रात्री जागून संपवते आणि होस्टेलच्या खोलीत जागा नाही म्हणून आमच्याकडे आणून टाकते. लिफ्टमध्ये कुणी भेटलं की हातातल्या पुस्तकावरचा ड्रॅगन बघून विचारतात, "नातवासाठी का?" मी हो म्हणतो. नातू दोन वर्षांचा आहे.

या पुस्तकांत जग बुडतं, वाचतं, पुढच्या खंडात पुन्हा बुडायला येतं. त्याचं मला आता फारसं काही वाटत नाही. मी बघतो ते एवढंच, की या जगात स्वयंपाक कोण करतं, पगार कोण देतं आणि गाळ कोण उपसतं. हल्लीच्या लेखकांपैकी जे या प्रश्नांची उत्तरं देतात ते माझ्या कपाटात राहतात. बाकीचे रद्दीवाल्याला जात नाहीत, कारण पुतणी ओरडते. पण ते वरच्या फळीवर जातात.

ब्रँडन सँडरसन कपाटात आहे. खरं तर कपाटाचा एक कप्पा त्यानेच अडवलाय. 'स्टॉर्मलाइट आर्काइव्ह' ही त्याची मालिका दहा खंडांची व्हायची आहे, त्यातले पाच झाले. पाचवा, 'विंड अँड ट्रूथ', २०२४च्या डिसेंबरात आला तो तेराशे पानांच्या वर. हे पुस्तक आडवं पडून वाचू नये. डुलकी लागली तर नाकाचं हाड जाईल. नमनाला घडाभर तेल म्हणतात. इथे पहिल्या खंडात आधी पूर्वरंग, मग प्रारंभ, मग पहिलं प्रकरण, आणि तिन्ही ठिकाणी माणसं वेगळी. पण गडी कामाचा आहे. त्याच्या रोशर नावाच्या जगात पूर्वेकडून प्रचंड वादळं येत राहतात, म्हणून तिथलं गवत चाहूल लागताच जमिनीत शिरतं आणि जनावरांच्या अंगावर कवचं असतात. इथवर कुणालाही सुचेल. पुढे हा लिहितो, की वादळाच्या पाण्यात गाळ असतो, तो घरांवर साचून दगडासारखा घट्ट होतो आणि लोकांना तो खरवडून काढावा लागतो. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो. गाळ! राजे, शपथा, देवांशी करार, हे काय कुणीही लिहील. वादळ ओसरल्यावर घमेलं कुणाच्या हातात येतं, हे लिहिणारा विरळा.

त्याच पुस्तकात गुलामांच्या तुकड्या लाकडी पूल खांद्यावर घेऊन बाणांच्या वर्षावात धावतात, तो दरीवर टाकतात आणि मग सैन्य पलीकडे जातं. पूल असा जागचा हलवतात, ही कल्पना मी आमच्या एका जुन्या सहकाऱ्याला मोठ्या कौतुकाने सांगितली. तो म्हणाला, "त्यात काय? आमचा एक पूल पुराबरोबर पुढच्या गावापर्यंत गेला होता. माणसंसुद्धा लागली नाहीत."

सँडरसनची दुसरी गोष्ट म्हणजे हा माणूस काम वेळेत देतो. मार्च २०२२मध्ये त्याने जाहीर केलं, की महामारीच्या काळात घरी बसून आपण चार कादंबऱ्या गुपचूप लिहून ठेवल्या आहेत. मग वाचकांकडे सरळ वर्गणी मागितली. दहा लाख डॉलर मागितले होते, चार कोटी सतरा लाख जमले. त्याच काळात आमच्या इमारतीत जिना रंगवायची वर्गणी काढली होती. जिना अजून तसाच आहे.

त्याच्या उलट जॉर्ज मार्टिन. 'अ डान्स विथ ड्रॅगन्स' २०११ साली आलं आणि त्याच्या पुढचं 'द विंड्स ऑफ विंटर' हे लिहीपर्यंत तरी यायचंच आहे. पॅट्रिक रॉथफसचा दुसरा खंडही २०११चाच. तिसऱ्याची वाट बघणारी मुलं आता स्वतः मुलांना शाळेत सोडायला जातात. लोक या दोघांवर फार चिडतात. मला चिडता येत नाही. कुदळ मारणारे मंत्री आणि पाणी सोडणारे मंत्री यांच्यामध्ये दोन पिढ्या गेलेले कालवे मी पाहिले आहेत. मार्टिनने एकच करायला हवं होतं, सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यायला हवी होती. मग कुणी काही बोललं नसतं.

मुदतीचा विषय निघालाच आहे तर चीनच्या लिऊ त्सिशिनबद्दल बोलून टाकतो. त्याची 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' २००६ साली चिनी मासिकातून क्रमशः आली, केन लिऊने ती इंग्रजीत नेली, आणि २०१५मध्ये कादंबरीचं ह्यूगो पारितोषिक मिळवणारी ती पहिली अनुवादित कादंबरी ठरली. लेखक वीजनिर्मिती केंद्रात संगणक अभियंता होता, त्यामुळे माझा आपलेपणाचा पूर्वग्रह आधीच झालेला. चार प्रकाशवर्षांवरचे लोक पृथ्वी बळकवायला निघतात आणि त्यांना पोचायला चारशेवर वर्षं लागणार असतात. हे कळताच मानवजात झडझडून कामाला लागते. इथे माझी पाल चुकचुकली. चारशे वर्षांची मुदत हातात असताना पहिल्याच वर्षी बैठक घेणारी समिती कुठल्या ग्रहावर असते? कल्पना मात्र अफाट. तिसऱ्या भागात तर आख्खी सूर्यमाला तीन मितींतून दोन मितींत चपटी होते. आईला हे समजावून सांगत होतो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे पापड लाटला म्हण की." तसंच. फक्त लिऊची पात्रं त्याच्या पुष्कळ आधीपासून चपटी असतात, त्यामुळे सूर्यमाला चपटी झाल्याचं त्यांना फारसं जाणवत नसावं.

पुतणीचा जीव अडकलाय तो वेगळ्याच दुकानात. ड्रॅगन आणि प्रेम एकत्र असलेल्या कादंबऱ्यांची हल्ली लाट आहे, आणि लाटेच्या टोकावर रेबेका यारोस बसलेली आहे. तिच्या मालिकेतलं तिसरं पुस्तक, 'ऑनिक्स स्टॉर्म', जानेवारी २०२५मध्ये आलं आणि पहिल्या आठवड्यात त्याच्या २७ लाख प्रती खपल्या. मी पहिलं वाचलं, 'फोर्थ विंग'. बासगियाथ नावाचं युद्ध महाविद्यालय आहे. प्रवेशाच्या दिवशी एका अरुंद दगडी कठड्यावरून चालत पलीकडे जायचं, खाली खोल दरी. जो पडला तो गेला. पुढेही मुलं मरतच राहतात आणि रोज सकाळी मेलेल्यांची यादी वाचून दाखवतात. पालकसभेचा कुठे उल्लेख नाही. भरलेली फी परत मिळते का, हे शेवटपर्यंत कळत नाही. नायिका व्हायलेट हिला ग्रंथ आणि दप्तर सांभाळणाऱ्यांच्या शाखेत जायचं असतं, पण आई पडली सेनापती. ती तिला बळजबरीने ड्रॅगनस्वारांच्या शाखेत घालते. मुलीला आर्ट्सला जायचं होतं आणि घरच्यांनी इंजिनीअरिंगला घातलं, ही गोष्ट आमच्या घराण्यातही घडून गेली आहे. ड्रॅगन तेवढे नव्हते.

मी पुतणीला विचारलं, "एवढ्या जनावरांच्या जेवणाचं कोण बघतं?"

"मेंढ्या खातात ते, काका."

"मेंढ्या कुणाच्या? मेंढपाळांना भरपाई मिळते का? पंचनामा कोण करतं? आणि ड्रॅगनचं शेण?"

"काका, तू ना, त्यातलं प्रेमाचं वाच."

प्रेमाचं मी वाचलं. म्हणजे पहिली दोन पानं वाचली आणि मग पुढची पंधरा पानं एकदम उलटली, कारण आमची ही शेजारच्या खुर्चीवर भाजी निवडत बसली होती आणि तिने विचारलं असतं, काय चाललंय, तर मला ड्रॅगनचं नाव पुढे करता आलं नसतं.

महाविद्यालयांचा छळ लिहावा तो आर. एफ. क्वांग हिने. केंब्रिज, ऑक्सफर्ड, येल असा तिचा स्वतःचा शिक्षणाचा प्रवास आहे, तेव्हा माहिती पक्की. २०२५च्या 'कटॅबसिस'मध्ये केंब्रिजला जादूत पीएच.डी. करणारी दोन मुलं आहेत, अॅलिस आणि पीटर. त्यांचा गाइड एका अपघातात मरून नरकात गेलेला आहे. आता शिफारसपत्र कोण देणार? म्हणून ही दोघं त्याला आणायला नरकात उतरतात. नरकात जाण्याची किंमत उरलेलं अर्धं आयुष्य. परीक्षण लिहिणाऱ्यांनी याला गडद फँटसी म्हटलंय. माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी पीएच.डी. करताना गाइडच्या मुलाला शाळेतून आणलं, त्याच्या बायकोच्या गॅसचा नंबर लावला आणि मग प्रबंध पुढे सरकला. त्यांना मी ही गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "अर्धंच गेलं ना?"

केंब्रिज म्हटल्यावर मराठी माणसाला जयंत नारळीकर आठवणारच. ते १९५७ साली तिथे गेले आणि फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केलं. हॉइल स्वतः 'द ब्लॅक क्लाउड' या विज्ञानकादंबरीचे लेखक, आणि तीही १९५७चीच. गाइडच फावल्या वेळात आकाशातून ढग पाठवून जग बुडवत असेल तर शिष्याला नरकात कशाला जावं लागतंय? पुढे १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवताना नारळीकरांनी आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेतलं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून उतरवून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. नाव चालावं म्हणून नरकात जाणारे एकीकडे, आणि नाव चालू नये म्हणून एवढा खटाटोप करणारा माणूस एकीकडे.

आमच्या पिढीने विज्ञानकथा वाचल्या त्या दिवाळी अंकांत, फराळाच्या ताटाशेजारी. नारळीकरांचा धागा धरून पुष्कळांनी लिहिलं, काहींनी फार चांगलं. पण एक प्रसंग हमखास असायचा. एक शास्त्रज्ञ चहाचा कप खाली ठेवून दुसऱ्याला दीड पान सापेक्षता सिद्धांत समजावून सांगायचा. दुसराही शास्त्रज्ञच असायचा. तो मध्ये मध्ये "अच्छा, म्हणजे?" असं विचारायचा. त्याला नोकरी कुणी दिली हा प्रश्न मला तेव्हाही पडायचा. हल्लीच्या कादंबऱ्यांनी ही सवय सोडली, आणि सोडली ती अशी, की आता कुणी काहीच समजावून सांगत नाही. पहिली शंभर पानं आपण अंधारात चाचपडायचं. एन. के. जेमिसिनची 'द फिफ्थ सीझन' अशीच सुरू होते; वर लेखिका थेट वाचकालाच 'तू' म्हणून बोलत राहते, तू उठलीस, तू दार उघडलंस. तिच्या त्या मालिकेच्या तिन्ही भागांना लागोपाठ तीन वर्षं, २०१६ ते २०१८, ह्यूगो मिळालं, आणि ते योग्यच झालं. पाचवा ऋतू म्हणजे तिथे महाप्रलयाचा काळ. आपल्याकडे मुळातच सहा असल्यामुळे मी आधी दचकलो नव्हतो. नंतर दचकलो.

माझं सगळ्यात आवडतं पुस्तक मात्र बदलीवर आहे. आर्केडी मार्टिन ही बायझँटाइन इतिहासाची अभ्यासक. तिच्या 'अ मेमरी कॉल्ड एम्पायर'ला २०२०चं ह्यूगो मिळालं. एका चिमुकल्या अवकाशस्थानकाची राजदूत म्हणून एक तरुणी अवाढव्य साम्राज्याच्या राजधानीत रुजू होते. तिचं नाव माहित, आणि बिचारीला माहीत काहीच नसतं. तिथल्या लोकांची नावं म्हणजे आधी आकडा आणि मग वस्तू, थ्री सीग्रास, ट्वेल्व्ह अझेलिया अशी. कुणी उपऱ्याने मोठ्या हौसेने 'छत्तीस सर्वप्रदेशीय टुंड्रा वाहन' असं नाव धारण केल्याचा किस्सा तिथले लोक हसत हसत सांगतात. तर या माहितच्या मेंदूच्या तळाशी एक यंत्र बसवलेलं आहे आणि त्यात आधीच्या राजदूताची आख्खी स्मृती आहे. तो आत बसून सांगत राहणार, हा कोण, तो कोण, कुणापुढे किती वाकायचं. अडचण एवढीच, की ही स्मृती पंधरा वर्षं जुनी आहे, कारण साहेब मधल्या काळात नवी नोंद करायला घरी आलेच नाहीत. आणि नेमकं गरजेच्या वेळी यंत्र बंद पडतं.

चार्ज घेणं ज्याने भोगलंय त्याच्या अंगावर इथे काटा येतो. बदली झालेला अधिकारी नव्या माणसाला एक यादी देतो. लोखंडी कपाट एक, किल्ली नाही. लाकडी खुर्च्या तीन, पैकी एक हात नसलेली. मोजणीची टेप पन्नास मीटर, सुरुवातीचे चार मीटर तुटलेली. खाली दोघांच्या सह्या. खरी माहिती यादीत कधीच नसते. कुठल्या चारीवर रात्री मोटर टाकतात, कुठला ठेकेदार आधी रडतो आणि मग वकील आणतो, कुठल्या गावात चहा घ्यायचा नाही, हे सगळं जाणारा साहेब डोक्यात घेऊन जातो. ते हवं असेल तर ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या शिपायाला धरायचं. साहेब दर तीन वर्षांनी बदलतो, शिपाई तिथेच असतो. मार्टिनबाईंनी ग्रहांमागून ग्रह गिळणारं साम्राज्य उभं केलं, कवितेच्या मैफिली घातल्या, कटकारस्थानं रचली. पण त्या वकिलातीत शिपाई नाही. माहितला एक जुना शिपाई दिला असता तर कादंबरी साठ पानांत आटपली असती, हेही खरं.

हिला या सगळ्याचा तिटकारा. पण मार्था वेल्सची 'मर्डरबॉट' तिनेही पळवली. हा एक सुरक्षारक्षक यंत्रमानव आहे. त्याच्यावर ताबा ठेवणारी प्रणाली त्याने स्वतःच हॅक करून टाकलीय. म्हणजे आता तो मोकाट. वाटेल त्याला मारू शकतो. आणि तो काय करतो? मालिका बघतो. पहिल्याच परिच्छेदात हिशेब आहे, सुमारे ३५ हजार तास. मी आकडेमोड केली. न झोपता, न उठता, सलग चार वर्षं होतात. माणसं त्याला मध्येच हाका मारतात, त्याच्या भावना विचारतात, आणि त्याला वाटतं, हे सगळे गप्प बसले तर आपला भाग बघून होईल. २०२५ साली त्याच्यावर मालिकाही निघाली, म्हणजे मालिका बघणाऱ्याची मालिका. ही ती पहिल्यापासून शेवटपर्यंत बघत बसली. मी मध्ये एकदा, चष्मा कुठे ठेवलाय, एवढंच विचारलं. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून ताबा ठेवणारी प्रणाली आमच्या घरातही कधीच हॅक झालेली आहे, हे मला कळून चुकलं.

तिच्या भजनी मंडळात सध्या फिरतेय ती शॅनन चक्रवर्तीची अमिना अल-सिराफी, अर्थात हिच्या तोंडून, मराठीत. बाराव्या शतकातला हिंदी महासागर, आणि त्यातली एक नावाजलेली चाचेगिरीण, जी आता निवृत्त होऊन मुलीला सांभाळत बसलीय. मग एक श्रीमंत म्हातारी हरवलेल्या नातीचा शोध घ्यायला तिला पुन्हा समुद्रावर काढते. या बाईचा गुडघा दुखतो! राक्षस समोर आहे, जहाज हेलकावतंय, आणि गुडघा दुखतोय. पन्नाशी उलटलेल्या बायकांच्या त्या घोळक्यात राक्षसाविषयी एकीनेही चकार शब्द काढला नाही. चर्चा झाली ती महानारायण तेल लावावं की सरळ बदलूनच घ्यावा, यावर. इतकी वर्षं फँटसीतले नायक सतरा वर्षांचे असायचे, त्यांना भविष्यवाणी असायची आणि गुडघे नसायचे. आता गुडघे आले. साहित्य पुढे जातं म्हणजे काय, तर हे.

ट्रॅव्हिस बाल्ड्रीच्या 'लेजेंड्स अँड लाटेज'मध्ये तर लढाईच नाही म्हटलं तरी चालेल. व्हिव्ह नावाची आडदांड राक्षसीण तलवार खुंटीला टांगते आणि ज्या शहरात कॉफी कुणाला ठाऊकच नाही तिथे कॉफीचं दुकान टाकते. जागा बघणं, सुतार गाठणं, पहिल्या दिवशी एकही गिऱ्हाईक न येणं, सगळं तपशीलवार. मग स्थानिक दादांची माणसं हप्ता मागायला येतात. मी सावरून बसलो. म्हटलं, आता तलवार निघणार. निघत नाही. बोलाचाली होतात आणि दर आठवड्याला दालचिनीचे ताजे रोल पोचवायचे, यावर हप्ता तुटतो. हा लेखक मुळात ऑडिओबुकं वाचणारा आवाजी कलाकार. त्याने धंदा कधी केला होता की नाही कोण जाणे, पण वडापावची गाडी चालवणारा कुणीही या प्रकरणावर सही करेल.

अँडी वियरविषयी थोडक्यात, कारण तो सगळ्यांनीच वाचलेला असतो. 'प्रोजेक्ट हेल मेरी'त सूर्याला खाणारे जंतू सापडतात आणि जग वाचवायला दुसऱ्या ताऱ्याकडे पाठवतात ते एका शाळामास्तरला. परदेशी वाचकांना हे फार ओढूनताणून वाटलं म्हणे. आपल्याकडे जनगणना मास्तर, निवडणूक मास्तर, खिचडीचा हिशेब मास्तर. अवकाश तेवढं राहिलं होतं. तिथे त्याला रॉकी नावाचा पाच पायांचा, डोळे नसलेला, सुरांत बोलणारा परग्रहवासी अभियंता भेटतो, आणि हा मास्तर काय करतो, तर त्याच्या सुरांचा संगणकावर तक्ता करायला घेतो. माझ्या मते दोन संस्कृतींच्या पहिल्या भेटीचं यापेक्षा खरं वर्णन झालेलं नाही.

एक पुस्तक असं आहे की त्यावर मला विनोद करता येत नाही. किम स्टॅनली रॉबिन्सनची 'द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर', २०२०ची. सुरुवात उत्तर प्रदेशातल्या एका गावात. उष्णतेची लाट, वीज गेलेली, लोक रात्री तळ्यात जाऊन बसतात तर पाणीही अंगाइतकंच तापलेलं. दोन कोटी माणसं मरतात. ड्रॅगन नाही, जादू नाही. नागपूरचा आतेभाऊ आणि मुंबईचा मेहुणा यांच्यात दर मे महिन्यात वाद होतो, कुणाचा उन्हाळा वाईट. नागपूर ४५ अंश सांगतं आणि जिंकतं. या पुस्तकात कळतं की नुसत्या पाऱ्यावर काही ठरत नाही. नागपूरच्या कोरड्या हवेत वाळ्याचा कूलर चालतो, कारण पाणी उडून जाताना थंडावा देतं, घामाचंही तेच. हवेत दमटपणा वाढत गेला की आधी कूलर थकतो आणि मग माणूस. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापकसुद्धा ३५ अंश दाखवू लागला की धडधाकट माणूस सावलीत, पंख्याखाली बसून काही तासांत जातो. मी हे दोघांना सांगितलं. त्या वर्षी वाद झाला नाही. मेहुण्याने फक्त इन्व्हर्टर घेतला.

पुस्तक वरच्या फळीवर नाही आणि कपाटातही नाही; टेबलावरच आहे. पुढची तीनशे पानं समित्या, बँका आणि परिषदा यांची आहेत, आणि अशा वाचनाला मी सरावलेला आहे, तरी ती रेटून न्यावी लागतात.

सध्या हातात आहे जॉन स्काल्झीची २०२५ची 'व्हेन द मून हिट्स युअर आय'. एके दिवशी चंद्राचं चीज होतं. का, कसं, काही नाही, झालं. संग्रहालयांत ठेवलेले चंद्रावरचे दगड, त्यांचंही चीज. वस्तुमान तेवढंच राहतं, पण चीज दगडापेक्षा हलकं, म्हणून चंद्र आकाराने मोठा आणि जास्त तेजस्वी दिसू लागतो. इथे स्काल्झीने गणित चोख केलंय. मग एकेका दिवसाचं एकेक प्रकरण: अंतराळवीर, बँकवाले, पाद्री, चीजचे दुकानदार, कोण काय म्हणतं.

आमचं घर मात्र त्यात नाही, आणि ही उणीव मोठी आहे. मी संध्याकाळी गॅलरीत वाचत बसलो होतो. संकष्टी होती. आई चंद्रोदयाची वाट बघत आत-बाहेर करत होती आणि ढगांमुळे वैतागली होती. तिचं मन रमावं म्हणून मी गोष्ट सांगितली. चंद्र मोठा दिसेल म्हटल्यावर ती खूश झाली. ढगातूनही सापडेल म्हणाली. चीज म्हणजे काय, हे नातसुनेने तिला दाखवलेलं आहे, तेव्हा तिथे अडलं नाही. पण ही मध्येच बोलली, "अहो, त्या विलायती चीजमध्ये वासराच्या पोटातलं काहीतरी घालतात ना?" घालतात. रेनेट म्हणतात त्याला. त्यानेच दूध फाटतं. आपल्याकडच्या चीजमध्ये बहुधा सूक्ष्मजंतूंपासून केलेलं असतं, हेही मी सांगितलं. पण तोवर आईच्या हातातलं अर्घ्याचं तबक खाली गेलं होतं. असल्या चंद्राला बघून उपास सोडायचा की नाही, यावर पंचांगकर्ते काय म्हणतात ते तिला हवं होतं. स्काल्झीने पंचांगकर्त्यांना विचारलेलं नाही, हे मी कबूल केलं.

तेवढ्यात समोरच्या टॉवरच्या टाकीमागून चंद्र वर आला. आईने तबक उचललं, कपाळावर हात धरून निरखून पाहिलं आणि मला म्हणाली, "तुझे डोळे चांगले आहेत. बघ रे, हिरवा ठिपका दिसतोय का कुठे."